तुरीआड

फोटो आला तेव्हा सत्यशीला अकरावीच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासत होती. बुधवार, सप्टेंबरची दहा तारीख, दुपारचे पावणेतीन. प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनचा आणि मुलांनी खिडकीशी वाळत टाकलेल्या ओल्या छत्र्यांचा वास एकमेकांत मिसळला होता. फोन टेबलावर थरथरला. धर्मराजचा मेसेज होता. ‘ताई पिक पाहणी झाली. तूर बघा कशी हाय.’ खाली फोटो. दरवर्षी तो असा फोटो पाठवायचा आणि दरवर्षी ती ‘छान’ असं उत्तर द्यायची. तिची तीन एकर जमीन कुंभार पिंपळगावपासून चार किलोमीटर आत होती आणि पंधरा वर्षांपासून धर्मराज ती निम्म्या वाट्यानं करत होता. सत्यशीला जालन्यात राहायची, मस्तगडमधे, दुसऱ्या मजल्यावर, एकटी. सव्वीस वर्षं ती वनस्पतिशास्त्र शिकवत होती. तिच्या हाताखालून गेलेली निम्मी मुलं शहरातल्या बियाणांच्या कंपन्यांत लागली होती. पानाचा कुठलाही फोटो समोर आला की दोन बोटांनी तो मोठा करून बघायची तिला सवय होती. तसाच तिनं हाही केला. तुरीची पानं जरा पिवळी वाटली. त्या तुरीआड, डाव्या कोपऱ्यात, आणखी एक पान होतं. पंजासारखं, सात बोटांचं, प्रत्येक बोटाला बारीक करवतीचे दाते.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं, अंबाडी. या भागात तुरीच्या नाहीतर कापसाच्या कडेनं अंबाडीची एखादी ओळ असतेच, आणि अंबाडीचं पान गांजाच्या पानाशी इतकं मिळतं की शास्त्रीय नाव ठेवणाऱ्यानं तिच्या नावातच ‘भांगेसारखी’ असं लिहून ठेवलं आहे. ही गंमत ती दरवर्षी वर्गात सांगायची आणि मागच्या बाकांवरची मुलं दरवर्षी त्याच ठिकाणी हसायची. पण अंबाडीचं पान कितीही चिरलेलं असलं तरी देठाशी एकसंध राहतं. या पानाची बोटं देठापर्यंत सुटी होती. तिनं फोटो आणखी मोठा केला तसा तो फुटून त्याचे हिरवे चौकोन झाले आणि त्या चौकोनांत काहीच दिसेना. त्यानं तिला बरं वाटलं. चौकोन अंबाडीचेही असू शकतात. तिनं ‘छान’ असं लिहून पाठवलं, फोन पालथा ठेवला आणि उरलेल्या चौदा वह्या तपासल्या. एका मुलीनं जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद फार सुरेख काढला होता. तिनं त्याखाली लाल शाईत ‘उत्तम’ लिहिलं आणि ते अक्षर नेहमीसारखंच सरळ आलेलं बघून तिला थोडं नवल वाटलं.

संध्याकाळी तिनं पुण्याला नागसेनला फोन केला. नागसेन तिचा धाकटा भाऊ, इंजिनियर. वडील गेल्यावर त्यानं आपला हक्क सोडून जमीन तिच्या एकटीच्या नावावर करून दिली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग तो म्हणाला, “ताई, सातबारा तुझ्या नावावर आहे. उद्या सकाळी पोलिसात जा.” ती म्हणाली, “आधी बघून तर येऊ दे. अंबाडी असली तर?” तो म्हणाला, “तू सव्वीस वर्षं पानं ओळखतेस.” तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, “तुला माहीत होतं असं निघालं तर तूही आत जाशील. धर्मराजचं तो बघेल.” त्याचं बोलणं बरोबर होतं आणि ते बरोबर आहे हेही तिला कळत होतं. फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी बाबतीत बरोबर आहे असं वाटत होतं, जसं वर्तमानपत्रातलं आपल्याला पटतं तसं. गुरुवारी ती कॉलेजला गेली. शुक्रवारी गेली. शनिवारी भाजी आणली, गाद्यांना ऊन दिलं. अधूनमधून ती फोटो काढून बघायची आणि आपल्याला त्यात आता काय दिसतं हे तपासायची, जसा एखादा रोगी जीभ काढून आरशात बघतो.

रविवारी ती एसटीनं निघाली. अंबड मागं पडल्यावर खिडकीतून काळी, पाणी प्यालेली रानं दिसायला लागली. कपाशी गुडघाभर पाण्यात उभी होती. मांडीवर पर्स घेऊन बसलेली सत्यशीला बाहेर बघत होती आणि तिच्या डोक्यात धर्मराज नव्हता, तर दोन कागद होते. तिचे वडील, तातेराव गुरुजी, याच गावच्या शाळेवर शिक्षक होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एका फाइलीत हे दोन कागद एकावर एक लावलेले सापडले. एक जमिनीचं खरेदीखत, मे १९८४चं. बौद्धाला जमीन विकायला त्या गावात तोवर कुणी तयार झालं नव्हतं. ती विकली सोपानरावांनी, धर्मराजच्या वडिलांनी, आणि तीही चालू भावात, एक रुपया कमीजास्त न करता. दुसरा कागद त्याच्या नऊ महिने आधीचा. शिक्षणखात्याच्या साहेबांना लिहिलेला अर्ज. शाळेतल्या मुलांसाठी सरकारी खाऊ म्हणून येणाऱ्या सुकडीच्या पोत्यांपैकी जवळजवळ निम्मी पोती सोपानरावांच्या गोठ्यात जातात आणि बैलांना चारली जातात, असं त्यात वडिलांच्या टपोऱ्या, एकसारख्या अक्षरात लिहिलं होतं. खाली सही होती. तारीख होती. फक्त तो पाठवलेला नव्हता.

ही गोष्ट तिनं नागसेनला कधी सांगितली नाही. वडील घाबरले असतील. किंवा ते सोपानरावांना जाऊन तोंडावर बोलले असतील आणि सोपानरावांनी ऐकलं असेल, आणि मग अर्ज पाठवायची गरज उरली नसेल. किंवा तिसरंच काही, जे त्या दोन तारखांच्या मधल्या नऊ महिन्यांत घडलं आणि ज्याचं नाव तिला घ्यायचं नव्हतं. ती तेव्हा दहा वर्षांची होती आणि त्याच शाळेत होती. सुकडीची चव तिला अजून आठवायची. गोड, जराशी जळकी, टाळूला चिकटणारी. कागदाच्या पुडीत मूठभर मिळायची. पुढच्या वर्षी ती मूठ मोठी झाली होती का, एवढंच आठवलं असतं तर सगळा उलगडा झाला असता. तिनं कितीदा तरी आठवायचा प्रयत्न केला होता. पुडी आठवायची, पुडीवरची जुनी छापील अक्षरं आठवायची, आपली बोटं आठवायची, पण मूठ केवढी होती ते आठवायचं नाही. आणि दरवर्षी त्या जमिनीतली तूर घरी यायची, ती निवडायची, वरण करायची, खायची.

धर्मराज फाट्यावर मोटारसायकल घेऊन आला होता. साठीला आलेला, उंच, हातापायानं मोठा माणूस. ती अचानक का आली, हे त्यानं विचारलं नाही. “रान बघायचं आहे,” असं ती म्हणाली तेव्हा तो म्हणाला, “चला.” वाट चिखलाची होती. चपलांना काळी माती चिकटून पाय जड झाले. तुरीच्या चौथ्या ओळीपाशी तो आपण होऊन थांबला आणि तुरीच्या दोन फांद्या हातानं बाजूला केल्या, दार उघडावं तसं. आत झाडं होती. तिच्या खांद्याएवढी. एक उग्र, हिरवा, घशाशी बसणारा वास तिथं साचून राहिला होता.

“हे काय आहे, धर्मराजभाऊ?”

तो तिच्याकडं न बघता झाडाकडं बघत होता. “तुम्हाला ठाऊक हाय की, ताई. तुम्ही तर पोरांला हेच शिकवता.”

“कधी लावलं?”

“मिरगात. तुरीसंगंच.”

“काहून?” तिच्या तोंडून गावचा शब्द आला. जालन्यात तो कधी येत नसे.

“एकजण बी देऊन गेल्ता. दिवाळीच्या आधी येऊन घेऊन जाईन म्हनला. मी म्हनलं, येतं का बघावं तरी.” त्यानं एक पान बोटांत धरलं, तोडलं नाही. “लई सोपं झाड हाय ताई. फवारा मागत न्हाई, खत मागत न्हाई. एवढ्या पान्यात तूर पिवळी पडून राह्यली, आन हे बघा.”

तिनं बघितलं. खरंच निरोगी झाड होतं. एकाही पानावर डाग नव्हता. खालची पानं समोरासमोर, वरची एकाआड एक, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. काही क्षण ते दोघंही नुसतेच त्या झाडाकडं बघत उभे राहिले, आणि त्या क्षणांत ती मालकीण नव्हती आणि तो गुन्हेगार नव्हता. दोन जाणकार माणसं एका चांगल्या आलेल्या झाडासमोर उभी होती. हे नंतर तिला फार वेळा आठवलं. मग तिनं विचारलं, “तुमच्या रानात का नाही लावलं?”

धर्मराजचं रान बांधाला लागूनच होतं. त्यानं तिकडं मान वळवली. “तिकडून रस्ता जातो. हे आत पडतं.”

ते खरं होतं. रस्ता तिकडूनच जात होता. पण ते उत्तर यायला जो वेळ लागला त्या वेळेत दुसरंही एक उत्तर दोघांच्या मधून जाऊन आलं होतं आणि ते दोघांनाही दिसलं होतं. ती म्हणाली, “उपटून टाका.”

“टाकतो.”

“आज टाका.”

“आज पित्र हाय ताई, आमच्या आबाचं. पाव्हणे येऊन राह्यलेत. आठ दिवसांत टाकतो. बिलकुल.”

“ठीक आहे,” ती म्हणाली.

घरी उषाबाई, धर्मराजची बायको, चुलीपाशी होती. हात पिठाचे, कपाळावर घामानं कुंकू ओघळलेलं. “आल्याच तर जेवूनच जा, ताई,” असं ती म्हणाली, आणि मग लगेच वाकून कढईत वडे सोडायला लागली, म्हणजे या गोष्टीवर पुढं बोलायचं काही उरलं नाही. सत्यशीला पंगतीत बसली. भिंतीवर सोपानरावांचा हार घातलेला फोटो होता. फेटा, रोखून बघणारे डोळे, मिशा. त्यांच्या नावानं केलेली खीर तिच्या वाटीत पडली. खीर चांगली झाली होती. तिनं ती दुसऱ्यांदा घेतली, आणि घेताना आपण भुकेपोटी घेतो आहोत की आपलं बिनसलं नाही हे दाखवायला, याचा तिला नेमका अंदाज आला नाही. निघताना उषाबाईनं तिच्या पिशवीत दोडके घातले. परत येताना एसटीत तिला झोप लागली.

पुढचा आठवडा साधा गेला. एका तासाला तिनं प्रकाशसंश्लेषण शिकवलं. स्टाफरूममधे कुणीतरी पेढे वाटले. शहरात सकाळ-संध्याकाळ पाऊस होता आणि मस्तगडच्या उतारावरून गढूळ पाणी दुकानांच्या पायऱ्यांना लागत होतं. तिच्या लक्षात आलं की आपण गप्प आहोत हे आता आपल्याला टोचत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत टोचत होतं, मग दात दुखायचा थांबावा तसं थांबलं. तिला वाटलं, असंच झालं असेल. कुणी ठरवून गप्प बसत नाही. आधी आठ दिवसांचा वायदा होतो, मग पाऊस असतो, मग परीक्षा असतात, आणि नऊ महिने जातात. वडिलांच्या बाबतीत तिनं एवढी वर्षं ज्या एका क्षणाची कल्पना केली होती, ज्या क्षणी त्यांनी अर्ज घडी घालून फाइलीत ठेवला असेल, तो क्षण कदाचित नव्हताच.

आठवा दिवस रविवार होता. सकाळी तिनं धर्मराजला फोन केला. “उपटलं का?”

“व्हय ताई,” तो म्हणाला. “उपटून राह्यलो.”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या क्रियापदापाशी बसून राहिली. उपटलं, असं तो म्हणाला नव्हता. उपटतो, असंही नाही. उपटून राह्यलो. म्हणजे काम चालू आहे. ते संपलेलं नाही, पण सुरूच झालेलं नाही असंही कुणी म्हणू शकत नाही. धर्मराज खोटं बोलणारा माणूस नव्हता. पंधरा वर्षांत त्यानं कधी अर्धं पोतंसुद्धा इकडंतिकडं केलं नव्हतं. त्याला खोटं बोलायचं नव्हतं म्हणून त्यानं हे क्रियापद शोधलं होतं. आणि तिनंही ते चालवून घेतलं होतं. ‘बरं’ म्हणाली होती.

तिनं ठरवलं असं म्हणता येणार नाही. सोमवारी सकाळी ती नेहमीच्या वेळी खाली उतरली, रिक्षा थांबवली आणि कॉलेजचं नाव सांगायच्या ऐवजी म्हणाली, “स्टँडवर घ्या.” स्टँडवर गाडी उभी होती. गाडी नसती तर कदाचित ती परत फिरली असती. शेताच्या हद्दीतल्या पोलिस ठाण्यात पोचायला साडेअकरा झाले. हवालदार राधेश्याम यांनी तिला खुर्ची दिली. फौजदार तरुण होता, परीक्षा देऊन नुकताच लागलेला वाटत होता. टेबलावर काचेखाली त्यानं आईवडिलांचा फोटो ठेवला होता. ती वनस्पतिशास्त्राची शिक्षिका आहे हे कळल्यावर तो सावरून बसला. शेत कुठं, गट नंबर काय, कसणारा कोण, झाडं किती, हे त्यानं विचारलं आणि तिनं सांगितलं. तिचा आवाज वर्गातल्यासारखा येत होता. मग त्यानं विचारलं, “तुम्हाला हे कधी कळलं, मॅडम?”

“काल,” ती म्हणाली. “काल शेतावर गेले होते तेव्हा.”

उत्तर आपोआप आलं. लाजाळूच्या पानाला बोट लागलं की ते मिटतं तसं. तिनं आधी काही योजलं नव्हतं. हा प्रश्न येईल हेही तिच्या मनात आलं नव्हतं. फौजदारानं लिहिलं. ‘काल दिनांक एकवीस रोजी.’ त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तिनं सही केली. सही करताना तिला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, तारखेनं काय फरक पडतो, झाडं तर खरी आहेत. पेन फौजदाराचं होतं, ते तिनं टोपण लावून परत दिलं.

पंचनाम्याला तिलाही जावं लागलं. दोन पंच, तलाठी, वजनकाटा, चार शिपाई. बांधावर गाव जमलं होतं, पण कुणी जवळ आलं नाही. शिपाई ओळीत शिरून झाडं उपटायला लागले आणि त्यांतल्या एकानं कडेची अंबाडीही मुळासकट उपटली. “ती अंबाडी आहे, ती राहू द्या,” ती म्हणाली. शिपायानं हातातल्या रोपाकडं, मग तिच्याकडं बघितलं आणि ते खाली टाकलं. एकसष्ट झाडं निघाली. ती बांधायला सुतळी कमी पडली तेव्हा धर्मराज स्वतः म्हणाला, “आखाड्यावर हाय,” आणि एका शिपायाबरोबर शेतातल्या खोपटात जाऊन घेऊन आला. मोळ्या कशा बांधायच्या हे त्या शहरातल्या मुलांना जमेना, म्हणून त्यानंच गुडघ्यानं दाबून त्या आवळल्या. फौजदारानं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, “जमीन यांची. यांना माहीत होतं?”

धर्मराज मोळीची गाठ मारत होता. ती मारून झाल्यावर तो म्हणाला, “न्हाई साहेब. त्या जालन्याला राहतेत. त्यांला काय माहीत.”

सत्यशीला आठ हातांवर उभी होती. तिच्या चपला चिखलात रुतल्या होत्या आणि एक पाय उचलावा तर दुसरा आणखी खोल जात होता. धर्मराजनं तिच्याकडं बघितलं नाही. तिनं तोंड उघडलं असतं तर आवाज सहज पोचला असता. तिनं उघडलं नाही. नंतर त्याला गाडीत बसवून नेलं. उषाबाई घरात होती, बाहेर आली नाही.

वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. ‘जागरूक शिक्षिकेमुळे गांजाची शेती उघड.’ नाव नव्हतं, पण कॉलेजात सगळ्यांना कळलं. प्राचार्यांनी स्टाफरूममधे तिला गुलाबाचं फूल दिलं आणि चार शब्द बोलले. मुलं तिच्या तासाला गप्प बसायला लागली. नागसेन फोनवर म्हणाला, “सुटलीस, ताई.” तिला रात्रीची झोप चांगली लागायची. अपराधी वाटत नव्हतं, अभिमान वाटत नव्हता. काहीतरी वाटायला हवं म्हणून ती कधी कधी मुद्दाम थांबून बघायची, आणि आत नुसती एक खोली असायची, झाडून ठेवलेली.

दिवाळीच्या आठवडाभर आधी, शनिवारी दुपारी दार वाजलं. उषाबाई होती. दोन जिने चढून दम लागलेला, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात पिशवी. धर्मराजला जालन्याच्या जेलात ठेवलं होतं, जामीन झाला नव्हता. ती त्याला भेटून आली होती. “इचारत इचारत आले,” ती म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. सत्यशीलानं पाणी दिलं. तिनं ते प्यायलं, तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

“तुम्ही पोलिसात गेल्या, त्याचं मी काही म्हनत न्हाई, ताई,” उषाबाई म्हणाली. “मीबी त्यांला म्हनलं व्हतं, उपटा म्हनून. आइकत न्हाईत ते कोनाचं.” मग तिनं पिशवी मांडीवर ओढली. “मी एकच इचारायला आले. त्या दिशी तुम्ही आमच्या मामंजीच्या पित्राचं जेवून गेल्ता. खीर दुसऱ्यांदा घेतली तुम्ही. तव्हाच ठरवलेलं व्हतं का?”

“नाही,” सत्यशीला म्हणाली.

“मंग कव्हा ठरवलं?”

“मला माहीत नाही, वहिनी.”

उषाबाईनं मान हलवली. उत्तर पटल्यासारखी नव्हे, उत्तर मिळाल्यासारखी. मग तिनं खिडकीकडं बघत सांगितलं, “मी त्यांला म्हनलं, साहेबाला सांगा, ताई आठ दिवस आधीच येऊन, बघून गेल्त्या. त्यांला सगळं माहीत व्हतं. तर म्हनले, न्हाई सांगायचं. काहून, म्हनलं. तर म्हनले, त्यांची नोकरी जाईन. आन म्हनले, त्यांच्या रानात लावताना मी त्यांला इचारलं न्हाई, मंग आता त्यांचं नाव कशाला घ्यायचं.” तिच्या आवाजात राग नव्हता. नवऱ्याची एखादी जुनी खोड सांगावी तसं ती सांगत होती. “आजबी तेच म्हनले.”

सत्यशीला चहा टाकते म्हणाली. उषाबाई उठली. “चारची गाडी हाय. ती गेली तर मंग अंधार पडतो.” दारात चपला घालताना तिनं भिंतीला हात टेकवला. ती खाली जाईपर्यंत पायऱ्यांवर चपलांचा आवाज येत राहिला, एकेक पायरी, मधे थांबून. सत्यशीला दार न लावता तशीच उभी राहिली. तुमच्या रानात का नाही लावलं, हा प्रश्न तिनं त्या दिवशी विचारला होता आणि त्याचं उत्तर तिला मिळालं नव्हतं. ते आत्ता मिळालं असं नव्हतं. पण ज्या माणसानं तिच्या नावाआड लपायचं ठरवलं होतं त्यानंच वेळ आल्यावर ते नाव बाजूला काढून ठेवलं होतं. आणि तिनं, जिनं सगळं उघड केलं होतं, तिनं आपले बारा दिवस त्याच्या मोळ्यांत बांधून पाठवले होते. हे तिला अगदी स्वच्छ दिसलं, सूक्ष्मदर्शकात काच बरोबर जागी आल्यावर दिसतं तसं, आणि स्वच्छ दिसल्यामुळे तिला रडूही आलं नाही.

सोमवारी तिनं रीतसर रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात ‘खाजगी काम’ लिहिलं. नागसेनला सांगितलं नाही. ठाण्यात तोच फौजदार होता. त्यानं तिला ओळखलं, हसून खुर्ची पुढं केली. “बोला, मॅडम.”

“माझ्या जबाबातली तारीख चुकली आहे,” ती म्हणाली. “मला एकवीस तारखेला नाही कळलं. चौदा तारखेला मी शेतावर गेले होते, तेव्हा झाडं पाहिली. त्याआधी दहा तारखेला धर्मराजनं फोटो पाठवला होता, त्यातही दिसलं होतं. फोटो माझ्या फोनमधे आहे.”

फौजदारानं पेन खाली ठेवलं. त्यानं काचेखालच्या फोटोकडं बघितलं. “मॅडम, तुमच्या जबाबावर केस सरळ उभी आहे,” तो हळू म्हणाला. “आरोपीनं पण तुमचं नाव घेतलेलं नाही. तुम्ही आता काहून गुंतून राह्यल्या?”

“तारीख चुकली आहे.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आणि तुम्ही बारा दिवस आला नाहीत.”

“नाही आले.”

“का?”

तिनं विचार केला. त्या बारा दिवसांत तिला पुष्कळ कारणं सुचली होती आणि त्यातलं प्रत्येक त्या त्या दिवशी खरं होतं. वडील, सुकडी, अंबाडी, पाऊस, पित्र, वह्या. ती म्हणाली, “लिहा की ठरत नव्हतं.”

“असं जबाबात लिहीत नाहीत, मॅडम.”

“मग काही लिहू नका. तारीख लिहा.”

तो उठून आत गेला. आतून त्याचा फोनवर बोलल्याचा आवाज आला, वरच्या साहेबांशी असावा. ‘हो सर’, ‘स्वतः आल्यात सर’ एवढंच कळलं. परत आला तेव्हा तो हसत नव्हता, आणि त्यानं तिला खुर्चीत बसा असं म्हटलं नाही. नवीन जबाब घ्यावा लागेल, साहेब स्वतः येतायत, त्याला वेळ लागेल, तिनं तिचा फोन राधेश्यामकडं जमा करावा आणि तोवर बाहेर थांबावं, असं त्यानं सांगितलं. तिनं फोन दिला. बाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. त्यावर ज्यांची माणसं आत होती असे चारपाच जण बसले होते. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात कपड्यांची पिशवी. तिच्या इस्त्रीच्या साडीकडं, खांद्यावरच्या पर्सकडं त्यांनी एकदा बघितलं. मग कडेला बसलेल्या बाईनं आपला डबा उचलून मांडीवर घेतला, थोडी सरकली आणि तिला जागा करून दिली.